कार्डिफमध्ये मुलीला वेल्श माध्यमाच्या शाळेत घालावं का?

अबोली

नमस्कार मंडळी. वेल्समध्ये राहणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

आम्ही दोन वर्षांपासून कार्डिफला आहोत. मुलगी पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गाला, जाईल. घरापासून चालत जाण्याजोग्या दोन शाळा आहेत, एक इंग्रजी माध्यमाची आणि एक वेल्श. परवा वेल्श शाळा बघून आलो. वर्गावरच्या बाई मुलांशी एक शब्दही इंग्रजीत बोलत नव्हत्या. एका मुलाच्या कोटाची चेन अडकली होती. त्याने इंग्रजीत मदत मागितली, बाई वेल्शमध्ये बोलत बोलत चेन काढून देत होत्या, आणि जाताना तो वेल्शमध्येच आभार मानून पळाला. मला ते फार आवडलं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. या शहरात आठात एखाद्यालाच वेल्श येते, पाच वर्षांनी आपण कुठे असू ठाऊक नाही, मग लेकीवर हे ओझं कशाला?

माझी खरी भीती मराठीची आहे. आत्ताच ती बाहुल्यांशी इंग्रजीत बोलते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. तिसरी भाषा आली तर आधी मराठीच जाईल असं वाटतं.

आणखी एक गोष्ट मनात आहे. वेल्श लोकांनी ही भाषा झगडून टिकवली आहे. आपण बाहेरून आलेले, त्यांच्या शाळेतली एक जागा अडवतो आहोत का? हे मी नवऱ्यालाही बोललेले नाही.

देवदार

अबोली, इंग्रजीची काळजी आधी काढून टाका. वेल्श माध्यमात मूल साधारण सात वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ सगळं वेल्शमध्ये चालतं, मग इंग्रजी विषय म्हणून सुरू होतं. प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलं दोन्हीत वाचतात-लिहितात. कार्डिफकडच्या वेल्श शाळांत कितीतरी घरं अशी आहेत जिथे आईवडिलांना वेल्शचा गंध नाही. शाळेची पत्रं दोन्ही भाषांत येतात, गृहपाठाचं काय करायचं तेही कळवतात.

आणि इंग्रजी माध्यमात घातलंत तरी वेल्श सुटत नाही, सोळाव्या वर्षापर्यंत तो विषय सक्तीचा आहे. तेव्हा वेल्श घ्यावी की नाही हा प्रश्नच नाही. ती नीट यावी की 'सुप्रभात, माझं नाव अमुक' एवढ्यावर राहावी, हे तुम्ही ठरवायचं आहे.

निशिगंधा

अबोली, जागा अडवतो का, इथपासून सुरू करते. मीही तेच मनात धरून इथली पहिली दोन वर्षं काढली आणि त्याची किंमत माझ्या रुग्णांनी मोजली.

मी उत्तर वेल्समध्ये, ग्विनेडमध्ये नर्स आहे. नऊ वर्षं झाली. २०२१ च्या जनगणनेत इथल्या ६४.४ टक्के लोकांनी वेल्श येते असं सांगितलं, तुमच्या कार्डिफात १२.२ टक्के. मला आल्या आल्या सगळ्यांनी सांगितलं होतं की वेल्शची गरज नाही, सगळ्यांना इंग्रजी येतं. मी ते मान्य केलं. वाटलं, ही त्यांची घरची गोष्ट आहे, आपण पाहुण्यासारखं दारात उभं राहावं.

दुसऱ्या हिवाळ्यात वॉर्डात एक आजी होत्या. नव्वदीच्या, डोंगरावर मेंढ्या पाळणाऱ्या घरातल्या, खुब्याचं हाड मोडलेलं. पहाटे उठून बसायच्या आणि एकच वाक्य म्हणायच्या: द्वी इशो मिंड आद्रा. मी जवळ जाऊन इंग्रजीत विचारायचे, दुखतंय का, पाणी हवंय का. त्या माझ्याकडे बघून तेच वाक्य आणखी सावकाश म्हणायच्या, लहान मुलाला समजावतात तसं. मी तीन रात्री नोंदीत 'असंबद्ध बोलतात' असं लिहिलं. चौथ्या पहाटे लादी पुसायला आलेली बाई थांबली, हातमोजा काढून आजींचा हात धरला, दोन मिनिटं बोलली आणि मला म्हणाली, "घरी जायचंय म्हणतात."

आजी स्वच्छ बोलत होत्या. आपल्याच मुलखात, गावापासून वीस मैलांवर, आणि रात्रभर त्यांचं बोलणं समजणारं तिथे कोणी नव्हतं. माणूस थकला, स्मृती जाऊ लागली की नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, हे मी त्यानंतर कितीदा तरी पाहिलं आहे. रुग्णाने मागायची वाट न बघता आपणहून वेल्शमध्ये विचारायचं, असं इथलं सरकारी धोरण २०१२ पासून आहे. पण ते धोरण पाळायला तोंडात भाषा असलेलं माणूस लागतं. मग मी त्या वसंतात वर्गाला नाव घातलं.

शिकताना काय झालं ते सांगते, कारण तुला ते उपयोगी पडेल. ॲपवर मी 'तू'साठी 'टी' शिकले आणि आनंदाने एका वृद्ध बाईंना विचारलं, तुला दुखतंय का. त्यांची साठीची मुलगी बाजूला बसली होती. हळूच म्हणाली, "आईला 'खी' म्हणा." खी म्हणजे तुम्ही. ती स्वतःही आईला खीच म्हणत होती. इतकी वर्षं सगळ्यांना 'यू' म्हणून म्हणून माझ्या जिभेवरून जे पुसलं गेलं होतं, ते त्या एका शब्दाने परत आलं. पुढे व्याकरणातही तेच. वर्गातले इंग्रज हैराण व्हायचे की शहराचं नाव वाक्यात बदलतं कसं: बँगर, पण बँगरला म्हणजे 'ई वँगर' आणि बँगरमध्ये म्हणजे 'अम मँगर'. आपण पुणे, पुण्याला, पुण्यात म्हणतोच ना? यांचा बदल शब्दाच्या तोंडाशी होतो एवढंच. मराठी माणसाला ही भाषा वाटते तेवढी परकी नाही.

जागेबद्दल सांगायचं तर, अबोली, १९३९ साली अ‍ॅबरिस्टविथला पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली तेव्हा तिच्यात सात मुलं होती. सात. नोरा आयझॅक नावाच्या बाई शिकवायच्या. शाळा काढली होती इव्हान अब ओवेन एडवर्ड्स यांनी, आणि सातांपैकी एक त्यांचा मुलगा ओवेन. इव्हान यांचे वडील ओ. एम. एडवर्ड्स लहान असताना शाळेत वेल्श बोलले म्हणून त्यांच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. जो वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती जायची, आणि दिवस संपताना ज्याच्याकडे असेल तो मार खायचा. पोरं एकमेकांना पकडून द्यायची. तोच मुलगा पुढे १९०७ मध्ये वेल्सच्या शाळांचा मुख्य निरीक्षक झाला. त्याच्या मुलाने १९२२ मध्ये मुलांसाठी ईर्ध ही संघटना काढली आणि मग ही शाळा. आणि सातांतला तो नातू १९८२ मध्ये वेल्श टीव्ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिचा पहिला प्रमुख होता. आजोबांच्या गळ्यात पाटी, नातवाच्या हातात वाहिनी. ही एका घराची गोष्ट आहे आणि मला ती माझ्या मुलाला सांगायला आवडते.

पण एका घराने शाळा चालत नाहीत. आज कार्डिफात वेल्श शाळा उभ्या आहेत त्या घरात वेल्श नसलेल्या आईबापांनी मुलं घातली म्हणून. मागणी असली की वर्ग निघतो. तुझी लेक कुणाची जागा घेत नाही, ती पट वाढवते आहे.

आता मराठी. इंग्लंडात होतो तेव्हा बसमध्ये मुलाशी मराठी बोलताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. कुणी वळून बघितलं की मी इंग्रजीवर जायचे. कुणी मला एक अक्षर बोललेलं नव्हतं. मी माझ्याच गळ्यात पाटी अडकवली होती आणि ती मुलाला दिसत होती. त्यानेही मग बाहेर मराठी सोडली, नंतर घरात. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी एक आई माझ्याशी इंग्रजीत बोलत होती. मध्येच तिने पोराला रस्त्याच्या पलीकडून वेल्शमध्ये खणखणीत हाक मारली, काहीतरी विसरलास म्हणून, आणि पुन्हा माझ्याकडे वळून वाक्य पुरं केलं. आवाजात तसूभर फरक नाही. मी घरी जाईपर्यंत तेच मनात घोळवत होते. दुसऱ्या दिवशी फाटकातूनच ओरडले, "अरे, टोपी राहिली!" सगळ्यांसमोर. तो लाजला. तिसऱ्या दिवशी लाजला नाही. महिन्याभरात त्याच्या वर्गातली दोन मुलं त्याला 'लवकर ये' म्हणायला लागली, मराठीत, आणि त्याला कोण अभिमान वाटला.

तेव्हा मराठीला धोका वेल्शचा नाही. वेल्श शाळेतल्या मुलाला घरची भाषा एक, दुकानातली दुसरी, हे वेगळं वाटतच नाही, शेजारच्या बाकावरच्याचंही तसंच असतं. मराठी खाते ती इंग्रजी, कारण तिला कुणी बोलावं लागत नाही, ती आपली आपण येते.

वाटसरू

निशिगंधाताई, मनापासून लिहिलंत. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर अबोलीताई फक्त आशेवर निर्णय घेतील.

आम्ही लानेलीजवळ एकवीस वर्षं आहोत. दोन्ही मुलं बालवाडीपासून वेल्श माध्यमात शिकली. मोठा एकोणीसचा, धाकटी सोळाची. दोघांना उत्तम वेल्श येते, परीक्षेत उत्तम गुण. आणि दोघं एकमेकांशी एक वाक्य वेल्शमध्ये बोलत नाहीत. वर्गात वेल्श, मधल्या सुट्टीची घंटा झाली की इंग्रजी. घरी मराठी फक्त आम्ही बोलतो, ती ऐकतात. मला याचं दुःख आहे, लपवत नाही.

आकडेही हेच सांगतात. २०११ मध्ये वेल्श येणारे १९ टक्के होते, २०२१ मध्ये १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. जास्त घट ५ ते १५ वयात: ४०.३ वरून ३४.३ टक्के. २०५० पर्यंत दहा लाख करायचं सरकारचं उद्दिष्ट आहे, २०२५ मध्ये तर ते कायद्यातच घातलं. पण कायदा वर्गापर्यंत पोचतो, मैदानावर नाही.

आमच्या शेजारच्या लान्गेनेख गावात बीझली नावाचं जोडपं होतं, आयलीन आणि ट्रेव्हर. १९५२ मध्ये त्यांनी नगरपालिकेला कळवलं की घरपट्टीची मागणी वेल्शमध्ये पाठवा, मग पैसे भरतो. नगरपालिका नाही म्हणाली. पुन्हा पुन्हा कोर्टात नेलं, बेलिफ येऊन घरातलं सामान उचलून नेलं, पियानोसुद्धा. घरात लहान मुलं होती. आठ वर्षं. १९६० मध्ये दोन्ही भाषांतला कागद आला तेव्हा कुठे पट्टी भरली. त्या गावावरून मी रोज गाडी चालवत जातो. आज माझ्या दारात कौन्सिल टॅक्सचं पत्र दोन्ही भाषांत येतं, आणि ज्यांना वेल्श वाचता येते ती माझी मुलं इंग्रजी बाजू वर करून टेबलावर ठेवतात.

शाळेत घाला, नक्की घाला. पण शाळेच्या भरवशावर राहू नका. आम्ही राहिलो.

निशिगंधा

वाटसरूदादा, पत्राचं वाचून पोटात तुटलं. तुमचं खरं आहे आणि मला ते इथेही दिसतं, ग्विनेडमध्येसुद्धा.

याचं एक कारण मी रोज डोळ्यांनी बघते. आमच्या कॅन्टीनच्या टेबलावर पाच जणी वेल्शमध्ये बोलत असतात. मी ताट घेऊन येते आणि अख्खं टेबल इंग्रजीवर जातं. कुणी ठरवत नाही, ती त्यांची रीत आहे, पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. सहा जणांत एकाला येत नसेल तर पाच जण आपली भाषा सोडतात. मुलांचंही तेच होतं: गटात एक इंग्रजीवाला आला की गट इंग्रजी. इतक्या सभ्य माणसांची भाषा अशीच वितळते, रोज थोडी थोडी, जेवणाच्या सुट्टीत. मला याचा फार त्रास व्हायचा, कारण टेबल हलवणारी मी होते. मग मी एकच वाक्य पाठ केलं, "द्विन दाल्ट", मला कळतंय, आणि बसता बसता म्हणायला लागले. पहिल्या वर्षी अर्धं खोटं होतं. आता खरं आहे. टेबल हलत नाही. म्हणून म्हणते, आपण बाहेरून आलेल्यांनी शिकणं ही शोभेची गोष्ट नाही. एक माणूस शिकला की पाच जणांची भाषा जागेवर राहते.

मुलांचं मात्र वाक्याने भागत नाही, त्यांना भाषेतून काहीतरी हवं असावं लागतं. माझा मुलगा शनिवारी फुटबॉलला जातो, तिथला प्रशिक्षक वेल्शमध्येच ओरडतो, आणि चेंडू हवा असेल तर वेल्शमध्ये मागावा लागतो. तुमच्या धाकटीचं वय अजून गेलेलं नाही, दादा. ईर्धची लांग्रानोगची छावणी तुमच्याकडून लांब नाही, १९३२ पासून चालू आहे. तिथे मोठ्या मुलांना लहानांचे 'स्वॉग' म्हणून घेतात, म्हणजे ताई-दादा. सात वर्षांची पोरगी रात्री घरच्या आठवणीने रडायला लागली की तिला समजवायचं कुठल्या भाषेत? तिला जी जवळची त्याच भाषेत. परीक्षेच्या वेल्शपेक्षा ती वेगळी असते.

वाटसरू

धाकटीला विचारतो. तुमचं वाचताना एक आठवलं. आमच्या शेजारी एक म्हातारी आहे, दक्षिण वेल्समध्ये आजीला म्हणतात तशी सगळे तिला 'मामगी' म्हणतात. तिच्याकडे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला धाकटी दर मंगळवारी जाते आणि वीस मिनिटांनी येते. तिथे ती वेल्श बोलते. मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे, हसण्यासकट. मी ते कधी मोजलंच नव्हतं.

अबोली

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला सगळा धागा वाचून दाखवला. बीझलींच्या पियानोपाशी तो म्हणाला, "थांब, परत वाच." अर्ज वेल्श शाळेचा भरला आहे. त्याची एक अट आहे आणि ती मला आवडली: घरात आमचं दोघांचं आपसातलं बोलणंही मराठीतच हवं, हिशेब आणि भांडण धरून. इतके दिवस आम्ही पैशाचं सगळं इंग्रजीतच बोलायचो, हे त्याने सांगितल्यावर लक्षात आलं.

काल बसमध्ये लेक खिडकीतून क्रेन दाखवत होती. इंग्रजीतच. मी नेहमीच्या आवाजात मराठीत उत्तर दिलं, आवाज खाली न घेता. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून विचारलं, कुठली भाषा. सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या आजीला वेल्श यायची, आईला नाही, आणि स्वतः आता शिकतायत, बासष्टाव्या वर्षी. उतरताना लेकीला 'ह्विल' म्हणाल्या, म्हणजे टाटा. तिने घरी येईपर्यंत दहा वेळा म्हटलं.

निशिगंधाताई, मीही पालकांच्या वर्गाला नाव घातलंय. एकच अडलंय. वेल्शमधला तो जोडून येणाऱ्या दोन एलचा (ll) उच्चार कसा करायचा? मी ळ म्हणून बघितला.

निशिगंधा

ळ नाही गं. जीभ 'ल' म्हणताना टेकवतेस तिथेच टेकव, घशातून आवाज काढू नकोस, आणि जिभेच्या दोन्ही बाजूंनी फुंकर सोड. लेकीला आधी करायला सांग, मुलांना पहिल्या फटक्यात जमतो. मग तिच्याकडून शीक.